मेणावरचं कुंकू

दसऱ्याच्या सकाळी अनसूयाबाईंनी ओल्या कुंकवानं गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं, आणि ते थेंब थेंब होऊन खाली घसरलं. दुसरं काढलं, तेही त्याच वाटेनं गेलं.

"काय चोपडलंय हो हिला?"

"मेण," मुरारराव ऐटीत म्हणाले. दोन दिवस राबून त्यांनी गाडी धुतली होती, पॉलिश केली होती आणि वर हातानं मेण घासलं होतं. सुनेच्या माहेरी नवी नात बघायला जायचं होतं, आणि व्याह्यांच्या दारात गाडी आरशासारखी दिसायला हवी होती.

"पूजेशिवाय मी बसायची नाही. तुम्ही दोघं जाऊन या."

"दोघं कोण?"

"तुम्ही आणि ही."

आजीशिवाय नात बघायला जायचं म्हणजे व्याह्यांपुढे मान खाली. मुराररावांनी फडकं पिळलं, सोडलं, पुन्हा पिळलं. शेवटी साबण घेऊन त्यांनी बॉनेटच्या मधोमध तळहाताएवढी जागा घासली. तेवढी चकाकी गेली. तिथं मात्र कुंकू लगेच धरलं.

"आता व्याह्यांनी डागाचं विचारलं तर?" गाडी सुरू करत ते कुरकुरले.

"सांगा," शेजारी ऐसपैस बसत अनसूयाबाई म्हणाल्या, "बायकोची जागा आहे ती."