चार्जिंगची परवानगी

भाजी घ्यायला उतरताना किल्ली गाडीतच राहिली आणि सुलभाताईंची नवी इलेक्ट्रिक गाडी भर दुपारी चोराने पळवली. पोलीस चौकीत बसून त्या मोबाइलवर गाडीचा ठिपका पाहत होत्या. ठिपका सुरतेबाहेर पडला आणि कामरेजच्या चार्जिंग स्टेशनवर थांबला. तेवढ्यात मोबाइलवर प्रश्न आला, ‘बॅटरी चार टक्के. चार्जिंगला परवानगी द्यायची?’

“अजिबात नको!” त्यांचे यजमान श्रीकांतराव ओरडले.

सुलभाताईंनी ‘हो’ दाबलं.

“अगं, चोराचे लाड कसले करतेस?”

“नाही म्हटलं असतं तर गाडी टाकून पळाला असता. आता तासभर तरी हलत नाही तो.”

हवालदार हसतच उठला. “चालो बेन, जीपमां बेसो.”

कामरेजला चोर एसी लावून सीटवर गाढ झोपला होता. हवालदाराने काच वाजवली, तसा तो डोळे न उघडताच पुटपुटला, “बस दस मिनट, भाई. फुल होने दो.”

“होऊ द्या हो फुल,” सुलभाताई हवालदाराला म्हणाल्या. “घरी तर आम्हालाच न्यायचीय.”