न उडणारी शाई

थोरलीने कार्ड सरळ नळाखाली धरलं. नवरा "अगं, अगं!" करत धावला. कार्डावर ठशाने उमटवलेली नुसती जास्वंद होती, रंग अजून भरायचे होते. पण तिची एक रेघ हलेल तर शपथ.

"नवी शाई आहे. पाण्याने फिसकटत नाही, उन्हाने उडत नाही," थोरली म्हणाली. "आता काय बोलतात आई, तेच बघते."

गेल्या वर्षी स्वतःच्या वाढदिवसाला सासूबाईंनी तिच्या कार्डावरून बोलून घेतलं होतं. तेव्हा शाई साधी होती. रंगाचा ओला कुंचला लागला आणि फुलाचा काळा राडा झाला. "जास्वंद होय? मला वाटलं डास मारलाय," सासूबाई भरल्या घरात म्हणाल्या. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? धाकटी सून. बाईसाहेब वेगळ्या राहतात, सणावारासारख्या उगवतात, येता येता गाडीत स्केचपेनने एक बदाम काढतात. त्याला मात्र "किती गोड गं!"

इकडे सासूबाईंचं पथ्य, औषधं, गुडघ्याचा शेक, सगळं थोरलीच्या गळ्यात. कौतुकाचा शब्द कधी कानावर पडला नाही. निदान आपलं एक कार्ड तरी त्यांनी जपून ठेवावं, एवढंच तिला हवं होतं. वेडी बाई!

या वाढदिवसाला सासूबाईंनी ओला अंगठा जास्वंदीवर घासला. अंगठा लाल झाला, रेघ तशीच. "खरंच गं, ढिम्म हलत नाही!" धाकटीचा चेहरा पडला. थोरलीला आभाळ ठेंगणं झालं.

आठवड्याने ती औषध घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेली. धाकटीचा बदाम काचेच्या फ्रेममध्ये होता, तोही कपाटात, ऊन लागू नये म्हणून. आपली जास्वंद तिने भिंतीवर शोधली, टेबलावर शोधली. सापडली खिडकीत, भर उन्हात, पाण्याच्या पाझरत्या जगखाली. रंग केव्हाच वाहून गेले होते. रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

"आई, हे काय?"

"अगं, तिचं नाजूक. जपायला नको?" सासूबाई म्हणाल्या, आणि म्हणाल्या तेही अगदी कौतुकाने. "तुझ्याला काय धाड भरणार! काहीही करा, काही होत नाही. बरं, जग रिकामा झालाय, भर. आणि शेकाचं पाणी ठेव."

थोरलीने औषधाची बाटली खाली ठेवली आणि सासूबाईंच्याच पलंगावर आडवी झाली.

"माझी कंबर धरलीय. धाकटीला बोलवा."

"तुझी?" सासूबाईंना खरोखर नवल वाटलं. "तुला कधीपासून काही व्हायला लागलं?"

"आजपासून," थोरली म्हणाली. "आणि तो पडदा ओढा जरा. ऊन लागतंय मला."