कोण रे ती?

ज्या विरहगीताने गायकाचं नाव घरोघरी पोचवलं, त्यामागची गोष्ट ऐकायला निवेदिकेने त्याला रेडिओवर बोलावलं होतं.

“ती सोडून गेली म्हणून तुम्ही हे गाणं लिहिलंत. तिच्यापर्यंत पोचलं का हो कधी?”

“पोचलं ना! गाणं गाजलं तेव्हा तिचा फोन आला. इतक्या वर्षांनी आवाज ऐकला, पण लगेच ओळखला.”

“काय म्हणाल्या त्या?”

गायकाने कानावरचा हेडफोन उगीच सारखा केला.

“म्हणाली, ‘ऐकून रडूच आलं रे. आपलं फिसकटल्यावर तुझा कुणावर तरी एवढा जीव जडला, बरं वाटलं. कोण रे ती?’”

“मग? सांगितलंत?”

“सांगितलं की. म्हटलं, तू नाही ओळखत तिला.”