आईकडून लेकीकडे

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या वाइनच्या दुकानात फ्रान्सहून आलेली एका नामांकित द्राक्षमळ्याची म्हातारी मालकीण आपल्या मळ्याची कुळकथा रंगवून सांगत होती. "शंभर वर्षं झाली, आमचा मळा आईकडून लेकीकडेच जातो."

संपदानं बाटली हातात घेतली. लेबलवर चार पिढ्यांच्या चौघींची नावं होती.

"तुमच्याकडे आहे का द्राक्षबाग?" म्हातारीनं विचारलं.

"आहे ना, नाशिकला! बाबांनी आणि मी मिळून लावलेली. कलमं मी बांधायचे." बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच ती एवढी हरखून बोलली.

तेवढ्यात धाकट्या भावाचा मेसेज आला. "ताई, तू सही केलेलं हक्कसोडपत्र मिळालं. बाग आता माझ्या एकट्याच्या नावावर होईल. तुझी साडीचोळी घेऊन ठेवलीय, वाइन कलरची."