गच्च लावलेली खिडकी

"पंख्याशिवाय कसलाच आवाज येत नाही हो इथे," घर बघायला आलेल्या बाई म्हणाल्या आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

मंडईलगतचं माझं एवढंसं वन रूम किचन. याआधीची सगळी गिऱ्हाइकं गोंगाटाला घाबरून जिन्यातूनच पळाली होती. म्हणून आज खालच्या पिठाच्या गिरणीवाल्याचे पाय धरून गिरणी बंद ठेवायला लावली, ढोल बडवणाऱ्या मंडळाच्या पोरांना चहाला पिटाळलं आणि रस्त्याकडची खिडकी गच्च लावून घेतली.

बाईंनी टेबलावरची पर्स उचलली. "मग नको मला हे घर."

मी घाईघाईनं त्यांच्यासमोर खुर्ची सरकवली. "अहो, पण इतकी शांतता पेठेत शोधून सापडायची नाही!"

"शांतता भरपूर आहे माझ्याकडे. गावाबाहेर, सोळाव्या मजल्यावर. आमचे हे बाथरूममध्ये पडले, तेव्हा गॅलरीतून घसा फोडून ओरडले मी. कुणाला ऐकूच गेलं नाही. मदत आली तोवर हे गेले होते."

मी खिडकीची कडी काढली. बाजाराचा सगळा गलका एकदम घरात शिरला. बाई गजांपाशी गेल्या. दोन्ही हातांनी गज धरून जीव खाऊन ओरडल्या, "अहो, कुणी आहे का?"

समोरच्या भाजीवालीनं हातातला तराजू तसाच टाकला. "काय झालं ओ ताई? थांबा, आले, आले!"

जिन्यात पावलं वाजू लागली, नुसती तिची एकटीची नव्हेत. बाईंनी पर्स परत टेबलावर ठेवली.