हातोडीचं उलथनं
मी पोरगी मांडीवर घेऊन भाकरी थापत हुते. पलटणीतनं पेन्शनीवर आलेल्या नवऱ्यानं नवंकोरं उलथनं म्होरं ठेवलं. ‘तुज्या हातोडीचं करून आणलं लोहाराकडनं. खडी फोडायचं दिवस सरलं. आता सुखात घरी बस.’ माज्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पहाटंपास्नं ह्या घरात मी बसले कवा? बाहत्तरच्या दुष्काळात हे पलटणीत हुते, तवा म्हसवडच्या सडकंवर त्याच हातोडीनं मी खडी फोडली. पयल्यांदा हाताला फोड आलं, रडले. मग बायकांच्यात बसून मोठ्यानं हसाया शिकले. अंगठा माजा, पगार माजा, आणि सांजच्याला घरी येताना मी कुणाची सून हाय ते इसरून जायची. सारा गाव सिद्धनाथाला पाऊस मागायचा, पाऊस आला की माजी सडक सुटंल म्हणून मी नुसती हात जोडून हुभी ऱ्हायची. पाऊस आला, पीक आलं, पोरगी झाली. हातोडी मी वळचणीला जपून ठेवली. ‘आवं, मला इचारलं का?’ ‘त्यात काय इचारायचं? गंजतच पडली हुती.’ भाकरी करपाया लागली. ती मी उलथली न्हाई. पोरगी त्यांच्या मांडीवर दिली, उलथनं उचललं आणि तडक लोहाराच्या भात्यापाशी गेले. ‘सडकंचं काम अजून चालू हाय. ह्याची परत हातोडी कर.’ लोहारानं उलथनं हातात तोलून बघितलं. ‘वैनी, एवढ्या लोखंडात हातोडी लय बारकी व्हईल.’ ‘बारकी कर,’ मी म्हणलं, ‘पण हातोडीच कर.’