राणीचा एकच शॉट

“ताई, आईंचा हा शॉट कापावा लागेल,” संकलक तिसऱ्यांदा म्हणाला. “राजाच्या स्वगतात त्यांचे ओठ हलतायत. राणी नाही, प्रॉम्प्टर वाटतात.”

चाळीस वर्षं रंगभूमीवर एका जुन्या शोकांतिकेत आई राणी होती. मुलगा गमावलेली, राजाच्या मागे मुकी उभी. तेच नाटक राणीच्या बाजूनं पडद्यावर आणायला मी निघाले आणि चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवसानंतर आई गेली. उरला एवढाच शॉट, तोही चुकलेला. चिडून मी तो पुन्हा लावला.

राजा मुलासाठी टाहो फोडत होता. मागे आई त्याचा प्रत्येक शब्द त्याच्याआधीच, आवाज न करता, म्हणत होती.

“राजाचा आवाज बंद कर.”

“मग ऐकू काय येणार?”

“चाळीस वर्षं तिचं जेवढं ऐकू आलं, तेवढंच.”